विशेष प्रावीण्य

चौबळ वाचले. पण हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरून चालू, कारण रात्री तीनला ते दचकून उठले तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. सलग नववी रात्र. छाती अशी धडधडत होती की पांघरूण हलतंय असं त्यांना वाटलं.

“अगं, छातीत घोडे उधळलेत.”

“उधळू देत. तुम्ही पडून राहा, सकाळी दवाखान्यात जाऊ,” नलूताई म्हणाल्या. आता आपलं काही खरं नाही, हे चौबळांनी ओळखलं. मनातल्या मनात त्यांनी सगळ्यांना माफ केलं, धाकट्या मेव्हण्याला सोडून.

सकाळी छातीला वायरी लावून कार्डिओग्राम निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा पाहिला. “हृदय ठणठणीत आहे, काका. झोपताना काही घेता?”

“झोप यावी म्हणून मी जायफळाची कॉफी देते,” नलूताई अभिमानाने म्हणाल्या. “एका कपाने झोप लागेना, म्हणून वाढवत वाढवत चार केले.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “जायफळ दुधातून द्या. कॉफी बंद.”

त्या रात्री चौबळ नऊ तास घोरले. सकाळी गड जिंकल्यासारखे उठले आणि दवाखान्याला अर्ज लिहायला बसले. “रोज चार कप कॉफी पचवूनही सदर हृदय एकदाही बंद पडलेले नाही. तरी रिपोर्टवरील ‘नॉर्मल’ हा शेरा खोडून त्याजागी ‘विशेष प्रावीण्य’ असे लिहिण्यात यावे, ही नम्र विनंती.”