पांढरा गोटा

उकंडाजी कापूस खरेदी केंद्रावरचे ग्रेडर, मालाची प्रत ठरवणारे. ढिगात कोपरापर्यंत हात घालून ते वजन वाढवायला पाणी मारलेला माल हुडकत. भाव पडलेल्या हंगामात त्यांनी कितीतरी गाड्या वापस लावल्या होत्या. घरी मात्र काचेच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच घसरायचा आणि मासे मरायचे. नवी सून आल्यापासून तपासणीची पट्टी रोज एकच रंग दाखवायची, मासे मरायचे थांबले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली: पाण्यात कोणीतरी काहीतरी मिसळतंय. टाकीच्या वाळूत कोपरापर्यंत हात खुपसून त्यांनी पांढरा गोटा वर काढला. “हे कोनाचं काम?” “माहंच, मामाजी,” सून म्हणाली. “आमच्या विहिरीतला चुनखडीचा गोटा हाय. त्यानं पाणी बिघडत नाही.” “मंग सांगतलं काहून नाही?” “तुम्ही वापस लावला असता, माह्या बाबाच्या कोरड्या कापसावानी.” उकंडाजींनी गोटा परत वाळूत ठेवला. त्या दिवशी त्यांनी पट्टी बुडवलीच नाही.