कोरडी खोली

सकाळी आठच्या ठोक्याला भावाचा फोन आला आणि त्याने विचारायच्या आतच ताईने आकडा सांगून टाकला. “अठ्ठेचाळीस.”

दूरच्या शहरात राहणाऱ्या भावाने हुश्श केलं. त्याचा चेलो, माणसाच्या छातीएवढं उंच ते तंतुवाद्य, चार वर्षं ताईच्या घरी होता. घरातली एकुलती एक कोरडी खोली त्याला दिलेली. तिथे हवेतला ओलावा शोषणारं मशीन दिवसरात्र घुरघुरायचं. भिंतीवरच्या, ओलावा मोजणाऱ्या काट्याने पन्नासच्या वर जायचं नाही आणि चाळीसच्या खाली यायचं नाही. लाकूड फुगलं तर आवाज बसतो, सुकलं तर चीर जाते, हे ताईला आता झोपेतही सांगता आलं असतं.

आजही त्याने सगळं विचारून घेतलं. पडदा ओढलाय ना, ऊन येत नाही ना, मशीनमधलं पाणी ओतलं का, पेटी बाहेरच्या भिंतीला टेकली तर नाही. हो-नाही करता करता ताईला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत तोही थांबला.

“औषध घेतेस ना वेळेवर?”

“औषधाने काय होणार? माझ्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरलीय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, तिथे झोपू नका म्हणून. काल तो काटा तिथे नेऊन पाहिला. ब्याऐंशी.”

तो घाईघाईने म्हणाला, “ताई, चेलो चुकूनसुद्धा तिथे नेऊ नकोस हं.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला, आपल्या खोलीतली गादी धरली आणि फरफटत चेलोच्या खोलीत आणली.

“कसला आवाज येतोय? पेटी ओढतेयस का?”

“गादी ओढतेय. आजपासून मी इथे झोपणार.”

त्याने समजावून पाहिलं. खोली लहान आहे, मशीनची घुरघुर तुला सोसायची नाही, दोन महिन्यांत मी येतोच आहे. हे दोन महिने चार वर्षं चालले होते. शेवटी तो चाचरत म्हणाला, “अगं, माणसाच्या श्वासानेसुद्धा ओलावा वाढतो.”

ताई गादीवर आडवी झाली. कितीतरी दिवसांनी तिने छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश, सगळाच्या सगळा, चेलोच्या दिशेने सोडला.