पलंगाखालच्या वाट्या

“पंख काढलेत, पण भूक कुठे काढलीय?” असं शेजारच्या निमकर काकू म्हणाल्या, तेव्हा मृण्मयीने हसून विषय बदलला होता. डासांची पैदास थांबवायला पालिकेने बिनपंखांचे डास सोडल्यावर उडणारे संपले खरे, पण हे नवे भिंतींवरून चालत घराघरांत शिरले. मग सोसायटीने नियम केला, की मुंग्यांसाठी फडताळाखाली ठेवतात तशा प्रत्येक पलंगाच्या आणि पाळण्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या.

आज तिची तान्ही ओवी पुन्हा अंगभर डासांचे चावे घेऊन उठली. मृण्मयीने पाळण्याखाली टॉर्च मारला. वाटीत अळ्या वळवळत होत्या आणि एक कोवळा डास पाण्यातून निघून सरळ पाळण्याचा पाय चढत होता.

तिने सगळ्या वाट्या तापलेल्या गच्चीवर ओतल्या. सेक्रेटरी कुलथे मागोमाग आले.

“अहो, नियम आहे. शिकलेल्या ना तुम्ही?”

“म्हणूनच ओततेय. आपण त्यांना पाळणाघर काढून दिलंय, आणि जेवण वरच्या मजल्यावर.”

घरी येऊन तिने वाट्या पुसल्या, बाहेरून ओवीची गुळगुळीत टाल्कम पावडर चोळली आणि कोरड्याच पाळण्याच्या पायांखाली ठेवल्या. एक डास वाटीवर चढू लागला, घसरला, पुन्हा चढला, पुन्हा घसरला.

“मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागेल,” कुलथे दारातून म्हणाले.

“देईन. येताना तुमच्या पलंगाखालची वाटी घेऊन या.”

मग तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, “वाट्यांच्या पाण्यातच डासांच्या अळ्या आहेत, ते ओतून टाका. मी निमकर काकूंकडे निघालेय, त्यांना वाकता येत नाही. तुमच्या शेजारी असं कोणी एकटं असेल, तर आज त्यांच्या पलंगाखाली तुम्ही वाकून बघा.”