डॉक्टरांचा सदरा

पायरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पायरीपर्यंत अध्यक्षांची ही सकाळपासूनची चाळिसावी फेरी. नव्या वसाहतीत त्यांनी बारा घरं बांधली होती. एकात नवरा-बायको, उरलेल्या अकरांत वारा. अध्यक्ष म्हणून ते एकमताने निवडून आले होते. दुसरं मत तेव्हा धुणं धुवत होतं.

आताही बायको अकराव्या अंगणात सदरा वाळत घालून परतली. रिकाम्या वस्तीला गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून हा रोजचा उद्योग. घरटी एक ओला सदरा.

"आज हेडबाईंनी घर घेतलं ना, की त्यांची शाळा येईल. शाळेमागून माणसं येतील," अध्यक्ष म्हणाले.

"आणि नाही घेतलं, तर उद्या मी भावाकडे. धुणं तुम्ही धुवा." ती पदर पिळत होती. हसत नव्हती.

हेडबाई आल्या त्या छत्रीच्या टोकाने जमीन टोचतच. अध्यक्ष त्यांच्या पुढे, मागे, कधी दोन्हीकडे.

"हे पोस्टमास्तरांचं. हे इंजिनिअरसाहेबांचं. आणि हे डॉक्टरांचं. देवमाणूस. पेशंटकडे गेलेत."

"सगळेच बाहेर?"

"कामसू वस्ती आहे, बाई."

हेडबाईंनी डॉक्टरांच्या सदऱ्याची बाही उलटून पाहिली. आधीच्या दोन अंगणांतही त्या अशाच थांबल्या होत्या.

"पोस्टमास्तरांचं डावं कोपर फाटलेलं. इंजिनिअरांचंही डावंच. डॉक्टरांचंही. ठिगळ तिघांना हिरव्या दोऱ्यानंच."

अध्यक्ष फाटकाला कोपर टेकून उभे होते. डावं. ते त्यांनी हळूच पाठीमागे नेलं.

हेडबाई बायकोकडे वळल्या. "रोज अकरा?"

"रविवारी चादरीसुद्धा."

पाण्याने सुरकुतलेले तिचे हात हेडबाईंनी जरा वेळ पाहिले. मग अध्यक्षांपुढे स्वतःचा तळहात धरला.

"किल्ली द्या. मला डॉक्टरांचंच घर हवं. डॉक्टरांना कुठं हलवायचं ते तुम्ही बघा."

बायको पुढे झाली. ओला सदरा तिने दोरीवरून ओढून खांद्यावर टाकला.

"अगं, दोरी रिकामी दिसतेय," अध्यक्ष कुजबुजले.

"दिसू दे. इथं आता माणूस राहणार आहे."