पापलेटचा कागद

मालूला नवऱ्याने जाळून मारलं, तेव्हा पेपरात पहिल्याच पानावर तिच्या फोटोसकट आलं: ‘प्रियकराच्या नादापायी विवाहितेचा बळी’. त्या दिवसापासून तिच्या आईने, जनीने, कळव्याच्या बाजारात रद्दीत मासळी बांधणं सोडलं. कुठल्या कागदावर लेकीचं तोंड निघेल, काय सांगावं? गिऱ्हाईक कुरकुरलं तरी सागाच्या पानातच द्यायची. सात वर्षं ठाण्याच्या कोर्टात एकटीच बसली. पत्रकार एकही फिरकला नाही. अखेर जावयाला जन्मठेप झाली. प्रियकर हा त्याचाच बनाव, असं जज्जसाहेबांनी लिहिलं. जनीने आठवडाभर शेजाऱ्याकडून पेपर वाचून घेतला, ओळसुद्धा नव्हती. रविवारी, मालूचा फोटो मागायला तेव्हा घरी आलेला, ती पहिल्या पानावरची बातमी लिहिणारा पत्रकार मासळीला आला. “साहेब, निकाल छापला नाय?” “जुनं झालं, मावशी. आता कोण वाचतंय? पापलेट दे, पोरीला आवडतं.” जनीने जपून ठेवलेलं ते पहिलं पान काढलं, त्यात पापलेट बांधलं. “घरी तुझ्या पोरीला उघडाय सांग.”