धनी नसलेली ओळ

कुलूपबाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावरच्या कनेक्शनांच्या यादीतली एकशे अडतिसावी ओळ लाल झाली. बंद.

एवढ्या मोठ्या रुग्णालयात कोणत्या संगणकाने कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, हे त्या ठरवत. फायरवॉल त्यांच्या ताब्यात. शंका आली की बंद, ही त्यांची रीत. म्हणून तर हे नाव पडलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. गेल्या महिन्यात शेजारच्या दवाखान्यात व्हायरस शिरला आणि चार दिवस सगळं ठप्प झालं. तेव्हा संचालकांचा हुकूम सुटला, की ज्या कनेक्शनला धनी नाही, ते शुक्रवारी दुपारी बाराला बंद. परिपत्रक दारोदार फिरलं. ज्याला आपलं कनेक्शन हवं त्याने सही करावी आणि पुढे कारण लिहावं. बाकी सगळ्या ओळींपुढे कोणी ना कोणी सही केली. या एकीला वाली नव्हता.

ओळ साधीच होती. एक संगणक औषध भांडारातला, दुसरा आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, धुलाई विभागातला. कधीकाळी चादरींचे आकडे कळवायला कोणीतरी संदेशांची सोय करून दिलेली. आकडे आता दुसरीकडून जात. तरी रोज दुपारी एक ते दीड या दोघांत काहीतरी ये-जा चालायची. अगदी इवलीशी, पण एक दिवस चुकायची नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम, आमचं ते संदेशाचं बंद पडलंय का हो?"

धुलाई विभागाच्या प्रमुख बाई होत्या. एरवी वीस यंत्रांच्या घरघरीवर मात करणारा त्यांचा आवाज आज पार खाली आला होता.

"मीच बंद केलंय. काम अडलंय का तुमचं?"



"नाही," बाई म्हणाल्या. "काम नाही अडलं." आणि फोन ठेवला.

काम नाही, मग काय अडलं? कुलूपबाई विचार करू लागल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे भांडारपाल आले. पन्नाशी ओलांडलेले, एकटे, नीट भांग पाडणारे. बोलायला लागले की पहिलंच अक्षर ओठांत अडकायचं. समोरच्याला धीर नसे. तो त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकी, बहुतेकदा चुकीचं. भांडारपाल मान डोलावून तेच कबूल करत. एकदा त्यांना पंखा हवा होता. "प... प..." झाल्यावर कोणीतरी पाणी आणून दिलं. ते दोन पेले निमूट प्यायले आणि घाम पुसत बसले.

पण लिहायला बसले की गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी त्यांची एक लेखी तक्रार आली होती. 'आमचा प्रिंटर कागद खातो आणि ढेकरही देत नाही.' अख्खा संगणक विभाग दिवसभर हसत होता.

आता सगळं लख्ख कळलं. रोज दुपारी अर्धा तास. आणि परिपत्रकात 'कारण' या रकान्यात तो भला माणूस लिहिणार तरी काय होता?

दोन क्लिकचं तर काम. हुकूम गेला खड्ड्यात, म्हणत कुलूपबाईंनी माउसवर हात ठेवला आणि सहज खिडकीतून खाली पाहिलं.

भांडारपाल आवारात उभे होते. भर उन्हात. धुलाई विभागाच्या दिशेने निघाले, पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि मागे फिरले. पुन्हा निघाले, पुन्हा टाकीपाशी फिरले. तिसऱ्यांदा टाकीपाशी थांबून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मागे न बघता दारातून आत शिरले.

कुलूपबाईंनी माउस सोडला.

दीड वाजला. दोन वाजले. ते काही बाहेर आले नाहीत.

अडीचला दारावर टकटक झाली. दारात दोघंही. भांडारपालांचा सदरा वाफेने ओलाचिंब, मघाचा भांग कुठल्या कुठे. मागे धुलाईच्या बाई, बाह्या तशाच कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"माझं चुकलं," कुलूपबाई घाईने म्हणाल्या. "आधी विचारायला हवं होतं. आत्ता उघडून देते. कारण काय, ते मी बघते काहीतरी."

"तीन वर्षं, मॅडम!" धुलाईच्या बाईंना राहवेना. "लिहिताना हसवून हसवून जीव घ्यायचे आणि फाटकात समोर आले की तोंड फिरवायचे. मला वाटायचं, माझ्या अंगाला साबणाचा वास मारतो म्हणून. आणि कारण काय, तर एवढंसं..." पुढचं त्यांना हसू आवरेना म्हणून बोलता येईना. मग भांडारपालांनी तोंड उघडलेलं दिसलं आणि त्या एकदम गप्प झाल्या.

अक्षर अडकलं. कुलूपबाईंच्या जिभेवर मदतीचा शब्द आलाच होता, तो त्यांनी गिळला. धुलाईच्या बाई शांत उभ्या होत्या, दुपार सगळी आपलीच असल्यासारख्या.

"ब... ब... बंदच राहू द्या, मॅडम," भांडारपाल म्हणाले. "आता आम्ही बो... बोलतो."