खड्यांची पिशवी

प्राणिशास्त्र शिकलेली झारा उद्या नोकरीसाठी दुबईला निघणार होती. तिच्यासाठी घरची कोंबडी साफ करताना रहिमाने पोटातली खड्यांची पिशवी चिरली आणि ती एकेक खडा निरखू लागली.

“अम्मी, पक्ष्यांना दात नसतात, म्हणून ते या खड्यांनी दाणे दळतात. दर कोंबडीत काय शोधतेस गो?”

“सहा वर्षांची असताना तू हेच शाळेतून शिकून आलीस. तुझा पहिला दात पडला, तो कौलावर टाकायला सांगितला, तर दाण्यांत मिसळून कोंबडीला घातलास. म्हणालीस, बिचारीला एकपण नाय.”

झाराला हसू फुटलं. “ती कोंबडी कधीच संपली. दातही दळून गेला असेल.”

“ठाऊक हाय मला.”

झाराने बाह्या सारल्या आणि अर्धे खडे स्वतःपुढे ओढून घेतले.